आठवणताईंचा तारा

वीज कंपनीच्या तक्रार खिडकीत बसणाऱ्या बाईंना सगळे आठवणताई म्हणायचे. हे नाव आधी त्यांच्या पाठीमागे चाललं, मग तोंडावर आलं, आणि शेवटी त्याच फोन उचलून "हां, आठवणताई बोलतेय" असं सांगू लागल्या. नाव काही उगाच चिकटत नाही. ताईंचं कोणतंही बोलणं "आमच्या लहानपणी की नाही" इथून सुरू व्हायचं, आणि बहुतेकदा तिथंच संपायचं.

तक्रार खिडकी म्हणजे एक जाड काच आणि काचेला मधोमध एक गोल भोक. ज्यानं ते भोक पाडलं त्यानं ते कुणाच्याही तोंडासमोर येणार नाही याची चांगली काळजी घेतली होती. उंच माणसाला कमरेत वाकावं लागे, ठेंगण्याला टाचा उंचवाव्या लागत. त्यामुळे तावातावानं आलेला माणूस भोकाशी पोचेपर्यंत अर्धा गार झालेला असे. उरलेला अर्धा ताई गार करत.

"अहो, कालपासून घरात लाइट नाही. पोरं अंधारात बसलीयत," माणूस भोकातून सांगे.

"अंधार म्हटलं की मला बाई आमचा लहानपणचा नाताळच आठवतो," ताई म्हणत. "तारा करायचो आम्ही घरी. पप्पा काड्या बांधायचे, दादा खळ शिजवायचा, आई शेजारी बसून गुणगुणायची, आणि मी माझ्या एवढ्याशा बोटांनी ताऱ्याला रंगीत कागद चिकटवायचे. कुणाचा आवाज चढायचा नाही की काही नाही. सगळ्यांची डोकी एकमेकांना टेकलेली. ते दिवस गेले हो."

"गेले खरे," पलीकडचा माणूस म्हणे. वाकून वाकून त्याची कंबर भरून आलेली असे, त्याला दुसरं काय सुचणार? लाइट कधी येणार हे विचारायचं राहूनच गेलं, हे त्याच्या लक्षात येई ते घरी पोचून काळोख्या जिन्यात ठेच लागल्यावर.

मोठे साहेब म्हणजे कंपनीचे मुख्य अभियंता. त्यांना ताईंचं भारी कौतुक. ताईंमुळे तक्रारी मिटत नव्हत्या, पण तक्रार घेऊन पुन्हा येणारे कमी झाले होते, आणि वरच्या कचेरीला या दोन गोष्टींतला फरक कळत नसे.

इकडे ताईंची आठवण वर्षागणिक बाळसं धरत होती. त्या नोकरीला लागल्या तेव्हा तारा एकच होता, तोही बेताचा. नोकरी पक्की झाली तेव्हा ताऱ्याला शेपटी फुटली. पन्नाशी जवळ आली तशी बाळ येशूची गव्हाण आली, कापसाची मेंढरं आली, कागदी साखळ्या या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत गेल्या. हे सगळं जिथं घडलं ती मूळची एक खोली, तिचा ऐसपैस दिवाणखाना झाला. ताईंचं लग्न झालं नव्हतं. का झालं नाही याबद्दल पप्पांचं एक मत होतं, दादाचं दुसरं, आणि ताईंना कुणी विचारलं नव्हतं. म्हातारे पप्पा आणि त्या, दोघं दोन खोल्यांत राहत. ज्याला सांगायला घरी फारसं कुणी नसतं, तो कचेरीत सांगतो. एवढंच ते होतं. खोटं बोलतोय असं ताईंच्या मनातही नव्हतं.

मग कंपनीत कल्याणमॅडम आल्या. हुद्दा कर्मचारी कल्याण अधिकारी, म्हणून त्या कल्याणमॅडम. आल्या आल्या त्यांनी "हसत राहा" असा आठवडा पाळला होता. त्यात सकाळी दारात हसून दाखवल्याशिवाय हजेरी लागत नसे. एका कारकुनाला त्या हसण्यातून जी उचकी लागली ती पगाराच्या दिवसापर्यंत टिकली. आता नाताळ तोंडावर आला होता आणि मॅडमना नवीन कल्याण हवं होतं. तेवढ्यात त्यांनी जिन्यात ताईंची आठवण ऐकली आणि त्या जागच्या जागी थांबल्या.

"ताई, हे सोनं आहे सोनं!" त्यांनी ताईंचे दोन्ही हात धरले. "आपण सगळ्या स्टाफला बालपणात घेऊन जाऊ या."

"सगळ्यांना?"

"साहेबांसकट. जेवणाच्या खोलीत. तुम्ही एक खराखुरा जुना तारा करून दाखवायचा आणि करता करता बोलायचं. लोकांच्या डोळ्यांत पाणी आलं पाहिजे, एवढं बघा. मी फोटोवाला सांगून ठेवते."

आठवड्याभरात भिंतीवर मोठा कागद लागला, "चला बालपणात." खाली ताईंचा फोटो. तो ओळखपत्रावरून घेतला होता, त्यामुळे बालपणात जाण्याची वाईट बातमी त्यांना नुकतीच कळली आहे असं दिसत होतं. स्टाफसाठी खोकी आली. त्यांत तारा आधीच कापलेला, आधीच रंगवलेला आणि मागून गोंद आधीच लावलेला. माणसानं फक्त वरचा कागद सोलायचा. खोक्यावर ठसठशीत अक्षरांत छापलं होतं, "स्वतःच्या हातांनी बनवा."

ताई खूश होत्या. रविवारी सकाळी त्यांनी काड्या, दोरा, कागद असं सगळं टेबलावर मांडलं आणि बाह्या सरसावल्या. पहिली काडी वाकवली ती मोडली. दुसरी मोडली नाही, पण सुटून डोळ्याशेजारी लागली. खळीत गुठळ्या झाल्या. दोरा कुठून कुठं न्यायचा ते बोटांना ठाऊक असेल असं त्या धरून चालल्या होत्या, पण बोटं अगदी परक्यासारखी वागायला लागली.

शेजारच्या खुर्चीत पप्पा भिंग लावून पेपर वाचत होते. उभा जन्म त्यांनी दुकानांच्या पाट्या रंगवल्या होत्या. दुसऱ्याचं काम चालू असताना गप्प बसणं त्यांच्या स्वभावात नव्हतं, तरी त्या दिवशी त्यांनी बराच धीर धरला.

"काय चाललंय?" शेवटी त्यांनी विचारलं.

"तारा, पप्पा. नाताळचा."

"हा तारा आहे?"

"होईल आता."

"पण तुला कुठं येतो तारा?"

"असं काय करता? लहानपणी करायचे की मी!"

पप्पांनी भिंग खाली ठेवलं. "कोण करायचं?"

"मी. कागद नव्हते का मी चिकटवत?"

"तू कागदावर बसायचीस."

"म्हणजे?"

"म्हणजे बसायचीस. खिडकीतून वारा यायचा, कागद उडायचे. तू चांगली गुबगुबीत होतीस. गठ्ठ्यावर तुला ठेवली की कागद जागचा हलत नसे. चिकटवायचं काम तुझ्याकडे कोण देतंय? दादाला मी दिलं नाही कधी."

ताईंना हसावं की रडावं कळेना. पप्पांचं वय झालंय, त्यांना काही आठवत नसणार, असं ठरवून त्यांनी दादाला फोन लावला. दादा बंदरावर क्रेन चालवायचा. एवढ्या उंचीवरून बोलायची सवय लागल्यामुळे त्याचा आवाज फोनशिवायही पोचला असता.

"कागदावर बसायचीस, बरोबर आहे!" दादा गडगडाट करून हसला. "आणि मी खळ ढवळायचो. ढवळायची फक्त, लावायची नाही. एकदा मी कापसाचं मेंढरू केलं होतं. सकाळी उठून बघतो तर पप्पांनी त्याचे पाय उपटून नवे बसवलेले. मी दिवसभर जेवलो नाही."

"आणि आई? आई गुणगुणायची ना रे?"

"आई? आई त्या दिवसांत मावशीकडे जाऊन राहायची! 'तुमचा तारा टांगून झाला की निरोप पाठवा,' असं दारातून सांगून जायची. दिवाळं निघायचं बघ आपल्या घरातल्या शांततेचं. तुला खरंच आठवत नाही?"

ताईंनी फोन ठेवला आणि त्या टेबलाशी नुसत्याच बसल्या. इतकी वर्षं भोकातून लोकांना दिलेला नाताळ असा पाहता पाहता विरघळून गेला. पण बसल्या बसल्या त्यांना एक खरीच गोष्ट दिसायला लागली. खाली चुरचुरणारे कागद, मांडीला लागणारी गठ्ठ्याची धारदार कड, आणि समोर पप्पांचे दोन हात. ते हात काडीला नखानं खाच पाडायचे, दोरा दातात धरायचे, गाठ मारून टोक चाटायचे. हात कुणाचे होते ते आजवर त्या विसरल्या होत्या, बाकी सगळं जसंच्या तसं होतं.

"पप्पा, मी उद्या मॅडमना सांगते, मला जमणार नाही म्हणून."

"भिंतीवर फोटो लागला ना?"

"लागलाय."

"मग झालं. मी येतो. तू एकटी गेलीस तर माझं नाव घालवशील."

कार्यक्रमाच्या दिवशी तक्रार खिडकी बंद झाली आणि काचेवर कल्याणमॅडमनी स्वतः कागद चिकटवला, "आम्ही बालपणात गेलो आहोत. तासाभरात परत येऊ." पप्पा इस्त्रीचा कोट घालून, काखेत काड्यांची जुडी आणि हातात पिशवी घेऊन हजर झाले. पिशवीत त्यांचा चाकू होता, रंगीत कागद होते, आणि दिव्याचं एक जुनं होल्डर होतं. होल्डरच्या वायरला जागोजाग चिकटपट्टी गुंडाळलेली होती.

मॅडमनी प्रस्तावना केली. निरागसपणा हा शब्द त्यांनी इतक्यांदा वापरला की मागच्या रांगेतला उचकीवाला कारकून कासावीस झाला. मग पप्पांनी एक खोकं उचललं, उघडलं, वास घेतला.

"यात करायचं काय?"

"सोलायचं, आजोबा," मॅडम प्रेमानं म्हणाल्या.

"सोलायचं," पप्पा म्हणाले आणि त्यांनी सगळी खोकी एकावर एक रचून कोपऱ्यात भिंतीकडे तोंड करून ठेवली. तिथून पुढं कार्यक्रम त्यांचा झाला. मोठे साहेब शेगडीपुढे उभे राहून खळ ढवळायला लागले. कल्याणमॅडमना दोरा ताणून धरायला लावलं. दोन्ही हात वर, त्यामुळे फोन घेता येईना आणि फोटोवाल्याला खूण करता येईना. हिशेबनीस सगळ्यांत वजनदार. पप्पांनी त्यांना पायापासून डोक्यापर्यंत न्याहाळलं आणि कागदाच्या गठ्ठ्यावर बसवलं.

"मी हलू नको का?" हिशेबनीसांनी विचारलं.

"श्वास घ्या," पप्पा म्हणाले.

बालपण सुरू झालं. पप्पा काडी मापत, डोळ्यांजवळ नेत, "छे!" म्हणत आणि बाजूला टाकत. कुणी हात पुढं केला की त्यावर चाकूच्या मुठीचा टोला बसे. "खळ पातळ झाली!" ते साहेबांवर ओरडत. वरच्या कचेरीतलं कुणी ओरडलं की साहेब जसे "हो, हो" करत तसंच ते आताही करत होते. अर्धा तास गेला. टेबलावर मोडक्या काड्यांचा ढीग झाला आणि तारा म्हणावं असं काहीच झालं नाही.

"कुणीतरी हलवलं!" पप्पा म्हणाले.

कुणीही हलवलं नव्हतं. ताई समोरच बसल्या होत्या, त्यांना सगळं दिसत होतं. पप्पांच्या बोटांना कंप सुटला होता. दोऱ्याचं टोक गाठीशी येई आणि शेजारून निघून जाई. ते पुन्हा आणत, पुन्हा निघून जाई. मग ते मान वर करून खोलीवर नजर फिरवत, गुन्हेगार शोधल्यासारखी. खोलीत सगळे श्वास रोखून होते, हिशेबनीस धरून.

"पप्पा, द्या इकडे," ताई म्हणाल्या.

"हात लावू नकोस."

"द्या म्हणते ना!"

हा आवाज कंपनीत कुणी ऐकला नव्हता. ताईंनाही तो नवाच होता. साहेबांचा खळीतला डाव थांबला, मॅडमचा दोरा सैल पडला.

"हिशेबनीस, उठा तुम्ही. काड्या धरा. आणि पप्पा, तुम्ही बसा बघू कागदावर."

सगळ्यांनी माना खाली घातल्या. म्हातारा आता काय करतो? पप्पांनी मुलीकडे पाहिलं, कागदांकडे पाहिलं, कोटाची बटणं लावली आणि जाऊन गठ्ठ्यावर बसले.

ताईंनी काडीला नखानं खाच पाडली. दोरा दातात धरला. गाठ मारली आणि टोक चाटलं. काडी मोडली नाही. एकदा तारा उभा राहायला लागला तसा खोलीला धीर आला आणि मग जो गोंधळ माजला त्याला सीमा नव्हती. साहेबांनी खळ कागदाला लावली, बाहीला लावली, कानालाही लावली. उचकीवाल्यानं एक मेंढरू केलं. ते जरा उंदरासारखं झालं, पण त्याच्या पायांना कुणी हात लावला नाही. मॅडम हात मोकळे होताच फोनकडे धावल्या, पण दोरा बोटांना इतका गुंतला होता की त्या तशाच परत येऊन कागद कापायला बसल्या.

तेवढ्यात दार उघडलं. दारात शिवणकाम करणाऱ्या बाई. त्यांच्या मशीनच्या खोलीतली लाइट महिनाभर दर दुपारी जात होती आणि त्या खिडकीशी इतक्या वेळा वाकल्या होत्या की ताईंचा नाताळ त्यांना तोंडपाठ होता.

"बालपणातनं कुणी परत येणार आहे का?" त्यांनी विचारलं. "लोकांचे कपडे अर्धवट पडलेत माझ्याकडे."

"आलोच, बाई. तोवर एवढं कापता का?" ताईंनी कात्री पुढं केली.

बाई रागानंच खाली बसल्या. "याचं माप काय?"

"माप नाही."

"मापाशिवाय कसं कापायचं?" त्यांनी चोहीकडे टेप शोधला आणि शेवटी डोळे मिटून कात्री चालवली. जो तुकडा निघाला तो ताऱ्याचा म्हणावा की विजारीचा, यावर बराच हशा पिकला. बाईही हसल्या.

तारा झाला. एक पाय बाकीच्यांपेक्षा आखूड होता, कागदाला सुरकुत्या होत्या, खळ अजून ओली होती. पप्पांनी बसल्या जागेवरून होल्डर पुढं केलं. साहेबांनी, शेवटी तेच मुख्य अभियंता म्हणून, मोठ्या ऐटीत बटण दाबलं. क्षणभर तारा पेटला, लाल, निळा, पिवळा. सगळे "अहाहा" म्हणाले. मग फट्‌ असा आवाज झाला, कागद जळल्याचा वास आला आणि वीज कंपनीच्या अख्ख्या इमारतीतली वीज गेली. पडदे ओढलेल्या त्या खोलीत डोळ्यांत बोट घातलं तरी दिसेना.

साहेबांनी खिशातून फोन काढला आणि घरी लाइट गेल्यावर माणूस करतो तेच केलं. तक्रारीचा नंबर फिरवला. पलीकडे, बंद खिडकीमागे फोन वाजायला लागला. वाजणारा फोन ताईंच्यानं ऐकवत नसे. त्या भिंत चाचपत गेल्या आणि त्यांनी तो उचलला.

"तक्रार कक्ष. बोला."

"अहो ताई, लाइट गेलीय!"

"ग्राहक क्रमांक सांगा."

"ताई, मी बोलतोय! साहेब!"

"आवाज ओळखला, साहेब. पण क्रमांकाशिवाय तक्रार घ्यायची नाही, असं तुमचंच परिपत्रक आहे."

मग साहेबांनी हळूच विचारलं, "किती वेळ लागेल?"

"माणूस निघालाय," ताई म्हणाल्या. हे वाक्य त्यांनी आयुष्यभर म्हटलं होतं. आज पहिल्यांदा त्यांना ते बोलताना जरा लाज वाटली, कारण वायरमन निघालेला नव्हता. तो पलीकडच्या नळाखाली हाताची खळ धूत होता.

त्यानं फ्यूज बदलला आणि लाइट आली. शिवणवाल्या बाईंनी मात्र या खेपेला खिडकीशी वाकण्याच्या भानगडीत न पडता वायरमनचं मनगट धरलं आणि त्याला तसाच घरी घेऊन गेल्या. संध्याकाळच्या आत त्यांचं मशीन चालू झालं. कल्याणमॅडमनी वर कळवलं की उपक्रम कमालीचा यशस्वी झाला, कर्मचारी भारावून गेले, काहींच्या तोंडून शब्द फुटत नव्हता. तेवढं खरं होतं.

बसमध्ये ताईंना आणि पप्पांना खिडकीकडची जागा मिळाली. तारा पप्पांच्या मांडीवर होता, एका बाजूला काळं भोक पडलेला.

"वर्षभर मी दुसऱ्यांची अक्षरं काढायचो," पप्पा अचानक म्हणाले. "कुणी म्हणे लाल करा, कुणी म्हणे मोठं करा, कुणाला मेव्हण्याचं नाव वर हवं. ऐकायचो. तारा ही एकच गोष्ट होती जिच्यात मला कुणी सांगायचं नाही."

"आम्ही पोरं होतो, पप्पा. आम्ही काय सांगणार होतो?"

"तुझा दादा फार बोलायचा. तुझी आईही बोलायची. तू नुसती बघायचीस. म्हणून तुला जवळ ठेवायचो."

"वजनासाठी नाही?"

"वजन होतंच की तुझं," पप्पा म्हणाले.

पुढच्या थांब्यावर एक बाई चढल्या, त्यांचं लक्ष ताऱ्याकडे गेलं. "अय्या, किती गोड! घरी केलात, आजोबा?"

"मुलीनं केलाय," पप्पा म्हणाले. ताई ताठ बसल्या. पप्पांनी तारा उचलला, बाईंच्या डोळ्यांसमोर धरला आणि बोट ठेवून म्हणाले, "हा पाय आखूड आहे. दिसला का? नीट बघा."

मग त्यांनी तो मागच्या रांगेला दाखवला, दारातल्या माणसाला दाखवला, आणि उतरायची वेळ झाली तरी कंडक्टरला थांबवून तो आखूड पाय दाखवत उभेच राहिले.